तीन लिफाफे आणि एक मिस्त्री

सरकारी अनुदानातून काही विकत घ्यायचं असेल तर तीन ठिकाणांहून दर मागवायचे आणि ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याच्याकडून घ्यायचं, हा नियम मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळला. लोक तो पाळतात कसा, हे कळायला दुसरा आठवडा लागला. वह्या-रजिस्टरं पुरवणारा दुकानदार आला, चहा प्यायला आणि त्यानं पिशवीतून तीन बंद लिफाफे काढून माझ्या टेबलावर ठेवले. एक त्याचा, एक त्याच्या भावाचा आणि एक अशा दुकानाचा की जे बंद पडून कैक वर्षं झाली होती, पण छापील कागद मात्र शिल्लक होते.

"मधलं आपलं हाय. त्येच कमी हाय," तो म्हणाला.

मी मुख्याध्यापिका बाईंकडे बघितलं. बाई कोल्हापूर शहरातल्या, आईवडील दोघंही शिक्षक, स्वतः अतिशय सरळ. त्या म्हणाल्या, "अहो, सगळीकडे असंच असतं. तुम्ही आवक नंबर टाका." मी टाकला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची अपंग मुलांची निवासी शाळा गारगोटीच्या रस्त्यावर होती आणि मी तिथला एकुलता एक लिपिक. म्हणजे जावक मी, आवक मी, पगारपत्रक मी आणि पाण्याचा टँकर आला नाही तर बोलणी खाणारा पण मीच. कायम अजून झालो नव्हतो. बिद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातलं आमचं बौद्ध घर. आबा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते, जन्मभर दुसऱ्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. टेबलाच्या पलीकडे खुर्चीत बसणारा घरातला पहिला माणूस मी. नोकरी लागली तेव्हा पेढे वाटून झाल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हे बघ. दुसऱ्याच्या हातनं चूक झाली तर सायेब वरडतोय. आपल्या हातनं झाली तर सायेब म्हंतोय, तरी मी म्हणतच हुतो. ध्यानात ठेव."

ते ध्यानात ठेवून मी इतका जपून वागायचो की साधी टाचणी वापरतानाही नोंद करायचो. बाई हसायच्या.

पोलिओनं लुळ्या झालेल्या पायाला उभं राहायला आधार देणारी लोखंडी सळ्यांची आणि चामडी पट्ट्यांची चौकट असते, तिला कॅलिपर म्हणतात. गुडघ्याशी एक कडी असते. चालताना ती बंद, बसताना उघडायची. मुलं वाढतात, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी नवी लागतात आणि त्यासाठी आम्हाला अनुदान मिळायचं. माझ्या आधीच्या लिपिकानं तीन लिफाफ्यांच्या रीतीनं एका व्यापाऱ्याकडून कॅलिपर घेतली होती. लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांत. पोरांचे पाय काही लहान, मध्यम, मोठे असे नसतात. कुणाची मांडी सोलून निघाली, कुणाच्या घोट्याला फोड आले. सातवीतल्या एका मुलीच्या गुडघ्याची कडी पायरीवरच उघडली आणि हनुवटीला टाके पडले. त्यानंतर बहुतेकांनी ती कॅलिपर खाटेखाली सारली आणि मुलं पुन्हा हातावर सरपटायला लागली. मला ते बघवायचं नाही. लोखंड खाटेखाली आणि लेकरं जमिनीवर, पण फाईल मात्र अगदी चोख.

त्या वर्षीचं अनुदान आलं तेव्हा बाईंनी निक्षून सांगितलं, "या खेपेला मिस्त्रींकडूनच घ्यायची."

मिस्त्री म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक लेथवाला. पूर्वी इंजिनाचे भाग करायचा. मग त्याच्या स्वतःच्या मुलाला पोलिओ झाला आणि मिळालेलं कॅलिपर मुलाला बोचतंय म्हणून यानं ते मोडून नवीन केलं. तेव्हापासून लोक लांबून यायला लागले. तो पोराला बाकावर बसवायचा, पायाखाली कागद धरून पेन्सिलीनं पाय गिरवायचा, मग त्याला चालायला लावून नुसता बघत बसायचा. आमच्या दोन मुलांना त्यांच्या पालकांनी त्याच्याकडून करून आणलं होतं आणि ती दोघं आता चक्क क्रिकेटमध्ये अंपायर व्हायची.

मी त्याच्याकडे गेलो आणि मोठ्या अधिकाऱ्याच्या थाटात सांगितलं, "मिस्त्री, काम तुम्हालाच द्यायचंय. पण तीन दरपत्रकं लागतात."

"तीन व्हय? आणतो की! त्यात काय हाय?"

इथं मी म्हणायला हवं होतं की तुम्ही आणू नका, मी वेगवेगळीकडून मागवतो. मी बोललो नाही. गप्प बसलो, त्यानं पुढं केलेल्या पेरूच्या फोडी खाल्ल्या आणि निघून आलो. ते गप्प बसणं पुढं मला चांगलंच महागात पडायचं होतं.

चार दिवसांनी तीन लिफाफे आले. लाखेची मोहर तेवढी नव्हती, बाकी सगळं व्यवस्थित. मी न उघडता आवक नंबर टाकले, कारण लिफाफे समितीसमोर उघडायचे असतात. समिती म्हणजे बाई, मी आणि संस्थेचे एक सदस्य. हे सदस्य तापट आणि घाईचे, पण मनानं वाईट नव्हते. त्यांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं. त्यांनी लिफाफे फराफरा फाडले, मी तुलनात्मक तक्ता लिहिला आणि आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले.

मिस्त्रीचा दर सगळ्यांत जास्त होता.

सगळ्यांत कमी दर होता त्याच्या मेव्हण्याचा. मेव्हणा खिडकीच्या ग्रिल आणि गोठ्याची फाटकं करायचा. त्याच्या छापील कागदावर तशी फाटकाची चित्रंच होती.

सदस्य म्हणाले, "वा, हे बरंच स्वस्त पडतंय की!" आणि बाई तोंड उघडायच्या आत त्यांनी तक्त्याखाली 'सर्वांत कमी दर मंजूर' असं लिहून झोकदार सही ठोकली. गाडी निघून गेली. बाई आणि मी त्या फाटकाच्या चित्राकडे बघत बसलो.

मी तसाच सायकल हाणत उद्यमनगरात गेलो. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कुणावर ओरडलो नव्हतो. "अहो मिस्त्री, तीन लिफाफे तुम्हीच आणता, तिन्ही तुमच्याच हातचे, आणि स्वतःचाच दर वर? असं कोण करतं?"

मिस्त्रीनं लेथ बंद केला. त्याला माझ्या ओरडण्यापेक्षा प्रश्नाचंच जास्त नवल वाटलं. "मग काय माजं काम त्येच्यापेक्षा सस्तं लिवू? त्यो ग्रिलवाला! उद्या कागद त्येच्या हातात पडला तर सासरवाडीत बसून म्हनंल, दाजींचं काम माज्यापेक्षा हलकं हाय. मी तोंड कुठं दावू?"

"अहो, पण नियम आहे, कमी दराला काम मिळतं."

"असला कसला नियम? चांगल्या कामाला जास्ती पैसं पडत्यात, हे सरकारला ठावं न्हाय व्हय?"

दुसऱ्या कुठल्या गावात माणूस खोटं लिहिताना निदान स्वतःचा फायदा तरी बघेल. इथं माणसानं खोटं पण मान राखूनच लिहिलं होतं. मी डोकं धरून त्या बाकावर बसलो, जिथं तो पोरांचे पाय गिरवायचा.

थोड्या वेळानं मिस्त्रीला दया आली. "एवढं काय त्यात? बिल मेव्हण्याच्या नावानं काडा. काम मी करतो. पैसं आमचं आमी बघून घेतो."

असंच करतात सगळे. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पोरांना चांगली कॅलिपर मिळतील, सदस्यांची सही वाया जाणार नाही, कुणाला काही कळणार नाही. परत येताना मी शीळ घालत होतो. पण शाळेशी आल्यावर सायकलवरून उतरलो आणि समोरचं फाटक बघून थबकलो. तपासनीस येणार, फाईल उघडणार, विचारणार की फाटकं करणाऱ्यानं कॅलिपर कशी केली? आणि त्या फाईलवर पहिली सही, तळातली, बारीक अक्षरातली, माझी.

रविवारी घरी गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "नियम कुठं लिवलाय?"

"कपाटात असेल. परिपत्रकांच्या गठ्ठ्यात."

"तू वाचलायस?"

"नाही."

"मग कुणी सांगितला तुला?"

सगळ्यांनी सांगितला होता. वाचला कुणीच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा खाली काढला. उंदरानं वरची काही पानं खाल्ली होती, पण सुदैवानं त्याला मला हवं ते पान आवडलं नव्हतं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग दार लावून मोठ्यानं वाचलं.

तीन दरपत्रकांचा नियम होता तसाच होता. पण त्याच्याच खाली, पान उलटल्यावर, लिहिलं होतं की एखादी वस्तू एकच जण करत असेल किंवा दुसऱ्याची वस्तू कामाची नसेल, तर स्पर्धा न घेता त्या एकाकडूनच ती घेता येते. अटी अशा: कारण खरेदीच्या आधी लिहायचं, नंतर नाही. दुसरीकडे शोध घेतल्याचं दाखवायचं. दर वाजवी आहे हे कशावरून ठरवलं, तेही लिहायचं. आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. आपण स्वतः उशीर करून 'तातडी आहे' म्हणायचं नाही, असंसुद्धा एक वाक्य होतं. ते लिहिणाऱ्यानं आमची शाळा पाहिली असावी असंच मला वाटलं.

मला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ असा राग आला की मी गठ्ठा टेबलावर आपटला. बंद दुकानांचे कागद जपून ठेवायचे, भावाच्या सह्या करायच्या, हे सगळे उद्योग लोक वर्षानुवर्षं करत होते, ज्याला परवानगी होती त्याच गोष्टीसाठी! खरं लिहिलं असतं तर निम्म्या कष्टात काम झालं असतं.

पण खरं लिहायचं म्हणजे सगळंच लिहावं लागणार होतं. तीन लिफाफे आवक रजिस्टरात बसले होते, ते काही खोडता येत नव्हते. मी तीन दिवस टिपणी लिहीत होतो. शेवटी त्यात हे वाक्य आलं: 'तिन्ही दरपत्रके एकाच व्यक्तीने आणून दिलेली असल्याने स्पर्धा झाली असे म्हणता येत नाही. ती तशी आणण्यास मी हरकत घेतली नाही, ही माझी चूक आहे.'

बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "अहो, हे शेवटचं वाक्य हवंच का?"

"ते काढलं तर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही, बाई."

बाईंनी पेन घेतलं आणि माझ्या वाक्याखाली लिहिलं, 'ही पद्धत माझ्या संमतीने चालत आली आहे,' आणि सही केली. मला वाटतं, एवढ्या वर्षांत मी पाहिलेली सगळ्यांत धाडसी सही ती. सदस्य मात्र भयंकर संतापले. आपली सही रद्द करायला लागते म्हणजे काय! अखेर बाईंनी त्यांना वसतिगृहात नेलं, खाटेखालची कॅलिपर एकेक करून बाहेर काढून दाखवली आणि त्या सातवीतल्या मुलीची हनुवटी दाखवली. ते परत आले, सही केली आणि जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तपासणीत यावर एक अक्षर जरी निघालं, तर कायम व्हायचं विसरायचं. आणि तपासणी होईपर्यंत कायम केल्याचा आदेश निघणार नाही."

पुढचा महिना धावपळीचा गेला. सांगली, मिरज, पुण्याला पत्रं टाकली. एकाकडून तीन मापांचा छापील तक्ता आला, दुसऱ्यानं कळवलं की मुलांना पुण्याला घेऊन या, तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही. तेही मी फाईलला लावलं. मिस्त्रीकडून सामानाचा आणि मजुरीचा तपशील हवा होता. तो तपशील द्यायला तयार, पण तास लिहायला तयार नव्हता. "तास काय लिवू? पाय बसला की काम झालं!" मग एक अख्खा दिवस मी त्याच्या बाकाशेजारी बसून एका कॅलिपरला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून लिहून काढलं. 'असे काम करणारा मी एकटाच आहे' असं लिहून द्या म्हटल्यावर तर तो लाजलाच. "ते मीच कसं लिवू? बढाई हुईल की!" स्वतःचा दर सगळ्यांच्या वर चढवणारा हाच माणूस! मी हसून हसून बेजार झालो. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तसं पत्र दिलं.

मंजुरी मार्चच्या आधी आली. मिस्त्री शाळेतच येऊन राहिला म्हणा ना; व्हरांड्यात बाक टाकून एकेकाचे पाय गिरवत बसला. कॅलिपर आली त्या दिवशी सातवीतली ती मुलगी पायरीशी गेली, थांबली, कडी हातानं दोनदा चाचपली आणि उतरली. परत चढली. परत उतरली. जेवणाची घंटा झाली तरी ती खाली-वर करत होती. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पण तो आनंद मला पुरा भोगता आला नाही. तपासणी त्या वर्षी आली नाही, पुढच्याही वर्षी आली नाही. ती मुलगी सातवी पास होऊन गारगोटीच्या हायस्कूलला गेली. माझ्या बरोबरीचे कायम झाले, लग्न करून मोकळे झाले. माझ्यासाठी स्थळ बघायला आलेले पाव्हणे विचारायचे, "पोरगा परमनंट हाय न्हवं?" आबा म्हणायचे, "हुईल की." रस्त्यावर पांढरी जीप वळली की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. एकदा तर कुत्र्यांना लस द्यायला आलेल्या गाडीला बघून मी कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागलो होतो.

नवं शतक लागलं त्या हिवाळ्यात तपासनीस आले. किडकिडीत, मफलर गुंडाळलेले, बोलणं अगदी कमी. पहिल्या दिवशी त्यांनी जुन्या फायली काढल्या आणि तीन-तीन लिफाफ्यांवर बरंच काही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलिपरची फाईल उघडली. मी समोर उभा. बाई शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून. त्यांनी माझी टिपणी वाचली, पत्रं वाचली, माझं तासांचं टिपण बोट फिरवत वाचलं. मग माझ्या त्या वाक्यावर बोट ठेवून मान वर केली.

"ही चूक तुमची, असं तुम्हीच लिहिलंय?"

"हो साहेब."

"कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही."

त्यांनी पुढची पानं उलटली, फाईल मिटली, बाजूला ठेवली आणि पुढची ओढली. मी उभाच. त्यांनी पुन्हा वर बघितलं. "झालं. बसा की."

"साहेब, मग यावर काय लिहिणार?"

"चूक असली तर लिहितो. नसली तर पुढची फाईल घेतो."

तेव्हाच मी निघायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, लिहून द्या ना. दोन वर्षं थांबलोय."

मला वाटलं, गेलं सगळं, हातचं घालवलं. त्यांनी मफलर सारखा केला, फाईल परत ओढली आणि हिरव्या शाईनं टिपणीखाली लिहिलं: 'पाहिले. कारणे खरेदीपूर्वी नोंदवली आहेत. आक्षेप नाही.'

शेजारच्या खोलीतून बाईंचा हुश्श असा आवाज आला, चांगला मोठा. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि तशीच हातात धरून फोनच्या बूथमध्ये शिरलो. गावात फोन किराणा दुकानात होता. दुकानदारानं हाक मारून आबांना बोलावून घेईपर्यंत मीटर पळत होतं, पळू दे म्हटलं.

"आबा, तपासणी झाली. कायबी निघालं न्हाय."

आबा म्हणाले, "सायबानं तोंडी सांगितलं का लिवून दिलं?"

"लिहून दिलं. कागद हातात आहे."

"वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश, एकेक शब्द. मग ते कुणाला तरी "घ्या" म्हणाले, फोन दुसऱ्या हातात गेल्याचा खडखड आवाज झाला आणि लांबून आबांचा चढा आवाज आला, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा, "ह्यास्नी बी वाचून दाव."

मी घसा साफ केला आणि त्या किराणा दुकानदाराला पहिल्यापासून वाचून दाखवलं.